चार वर्षांचा जवान आणि चाळीस वर्षांचे घर

केंद्र सरकारने १४ जून २०२२ रोजी ‘अग्निपथ’ योजना जाहीर केली तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश आणि तेलंगणात रेल्वेगाड्या पेटवल्या गेल्या. महाराष्ट्रात त्या मानाने शांतता होती. पुढे दूरचित्रवाणीवर आणि संसदेत या विषयावर भरपूर चर्चा झाली. सैन्य तरुण राहील का, पलटणीची एकजूट टिकेल का, निवृत्तिवेतनाचा भार हलका होईल का, असे तिचे मुद्दे होते. हे सगळे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, पण ते दिल्लीच्या बाजूने विचारलेले प्रश्न आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर, बुलढाणा या जिल्ह्यांतील ज्या घरात बारावी झालेला मुलगा पहाटे डांबरी रस्त्यावर धावण्याचा सराव करतो, त्या घरातला प्रश्न वेगळा असतो. हा गेला तर आमचे कसे चालेल, आणि चार वर्षांनी परत आला तर पुढे काय?

योजनेतील पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणास दाखल झाल्या. त्यांची चार वर्षे २०२६-२७ मध्ये पूर्ण होतात. त्यामुळे आता हा हिशेब मांडताना अंदाजांवर विसंबण्याची गरज उरलेली नाही. बरेचसे आकडे समोर आहेत.

महाराष्ट्रात सैन्यभरतीकडे पाहण्याची दृष्टी भावनेची आहे तशीच ती रोख व्यवहाराचीही आहे, हे आपण सहसा मोकळेपणाने बोलत नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिशांनी उभारलेला स्तंभ तेथे आहे. त्या युद्धातील हिंदी शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. फ्रान्समध्ये किंवा मेसोपोटेमियात लढणारे ते तरुण साम्राज्यावरील प्रेमापोटी गेले असे कोणी म्हणत नाही. माण-खटावसारख्या दुष्काळी भागात पावसाच्या भरवशावरची थोडकी जमीन भावांमध्ये वाटली गेली की एकाने तरी बाहेर पडणे भागच असे. मुंबईची गिरणी आणि सरकारी पलटण हे दोन मार्ग. दोन्हीकडून गावी मनिऑर्डर येई. फरक इतकाच की गिरणी बंद पडू शकत होती. पलटणीचे निवृत्तिवेतन मात्र मरेपर्यंत, आणि नंतर विधवेलाही, मिळत असे.

या निवृत्तिवेतनाने काय घडवले याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. महू येथून सेवानिवृत्त झाल्यावर हे कुटुंब दापोलीला व पुढे साताऱ्याला आले, आणि त्या घरातल्या मुलाचे शिक्षण सुरू राहिले. त्या घराला शिक्षणाची ओढ होती हे खरेच, पण ओढीला दरमहा येणाऱ्या ठरावीक रकमेचा आधार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी महार समाजाची लष्करभरती थांबवली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या झाल्या. त्या मानासाठी होत्या तशाच या आर्थिक आधारासाठीही होत्या. वेतनापेक्षा निवृत्तिवेतन हाच लष्करी नोकरीचा कणा आहे, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या कर्मचाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद झाले तेव्हाही सैन्यदलांना त्यातून वगळण्यात आले होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन’ लागू करण्याचा आदेश निघाला. म्हणजे २०२२ पर्यंत, शेतकऱ्याच्या दहावी-बारावी झालेल्या मुलाला हमीचे निवृत्तिवेतन देणारी बहुधा एकमेव मोठी नोकरी सैन्याचीच उरली होती.

अग्निपथने हा कणाच काढून घेतला.

योजनेचे आकडे अनेकांनी ऐकलेले आहेत, पण ते घरखर्चाच्या वहीत मांडून पाहिले पाहिजेत. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३० हजार रुपये ठरले आहेत. ही रक्कम दरवर्षी वाढत चौथ्या वर्षी ४० हजारांवर जाते. तीस टक्के रक्कम ‘सेवा निधी’त कापली जाते, त्यामुळे हातात पहिल्या वर्षी २१ हजार आणि चौथ्या वर्षी २८ हजार येतात. चारही वर्षांची बेरीज केली तर हाती पडणारी रक्कम पावणेबारा लाखांच्या आसपास जाते. सेवा निधीत त्याचे स्वतःचे ५ लाख २ हजार रुपये जमतात, सरकार तेवढेच घालते, आणि व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये अखेरीस एकरकमी मिळतात. या रकमेवर प्राप्तिकर नाही. जोखीम, शिधा, गणवेश, प्रवास यांचे भत्ते आहेत. महागाई भत्ता आणि नियमित शिपायाला मिळणारे लष्करी सेवा वेतन मात्र नाही. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी नाही, निवृत्तिवेतन नाही. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि त्या दर्जासोबत येणारी माजी सैनिकांची आरोग्य योजनाही नाही.

आता हे ११ लाख ७१ हजार बँकेत ठेवले आणि सात टक्के व्याज धरले, तर महिन्याला सहा हजार आठशे रुपयांच्या आसपास पडतात. नियमित शिपायाचे सातव्या वेतन आयोगानुसार आरंभीचे मूळ वेतन २१,७०० आणि लष्करी सेवा वेतन ५,२०० रुपये. पंधरा वर्षांच्या सेवेत त्याला एकही वेतनवाढ मिळाली नाही अशी अशक्य कल्पना केली, तरी त्याचे निम्मे निवृत्तिवेतन १३,४५० रुपये होते, आणि त्यावर महागाई भत्ता वाढत जातो. सहा हजार आठशे रुपये मात्र दहा वर्षांनीही तेवढेच राहतात. तेही ती रक्कम कोणी न मोडता ठेवली तर. बहिणीचे लग्न, पत्र्याच्या घरावर स्लॅब, सोसायटीचे थकलेले कर्ज, विहिरीची मोटार हे सगळे ज्या घरात मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहत थांबलेले असते, तिथे मुदत ठेव किती दिवस टिकते हे सांगण्यासाठी अर्थतज्ज्ञ लागत नाही.

अर्थात तुलना कशाशी करायची हेही पाहायला हवे. अठरा वर्षांच्या मुलाला गावात दुसरे काय उपलब्ध आहे? औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामाचा पगार, त्यातून खोलीचे भाडे आणि खानावळ वजा केली तर घरी किती पाठवता येते? जेवण, राहणे, कपडे सरकारी असताना हाती येणारे २१ हजार हे बहुतांश घरीच जाऊ शकतात. त्या दृष्टीने अग्निवीराची चार वर्षे ही गावातल्या बहुतेक समवयस्कांच्या चार वर्षांपेक्षा आर्थिकदृष्ट्या सरस ठरतात. योजनेचे टीकाकार ही बाजू सहसा मांडत नाहीत.

पण ‘घर’ म्हणजे कोण? या प्रश्नाचे योजनेने दिलेले उत्तर लक्षणीय आहे. लष्करातील भरतीच्या अटींनुसार अग्निवीर अविवाहित असावा लागतो आणि चार वर्षे विवाह करणार नाही असे त्याला लिहून द्यावे लागते. म्हणजे सरकारच्या नजरेत हा साडेसतरा ते एकवीस वर्षांचा, मागे कोणी अवलंबून नसलेला एकटा तरुण आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे या वयाचा मुलगा क्वचितच एकटा असतो. बायको-मुले नसतील, पण वडिलांचे गुडघे गेलेले असतात, आईला साखरेचा आजार असतो, धाकटी बहीण तालुक्याच्या महाविद्यालयात असते. पाश्चात्त्य देशांत आई-वडिलांचा सांभाळ अठरा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षित नसतो. आपल्याकडे तो गृहीतच धरलेला असतो. नियमित जवानाला वर्षाकाठी ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस. सुगी, आजारपण आणि दिवाळी या तिन्हींपैकी कशाला यायचे ते त्याने ठरवायचे. मुदत संपण्यापूर्वी स्वतःहून नोकरी सोडण्याची मुभाही अपवादात्मक परिस्थितीतच आहे.

विवाहाच्या अटीचा आणखी एक परिणाम होतो. मिलिटरीत लागलेला मुलगा हे ग्रामीण महाराष्ट्रात सोयरिकीच्या बाजारातील वजनदार स्थळ असे. त्याच्यामागे पंधरा-सतरा वर्षांची नोकरी आणि पुढचे निवृत्तिवेतन उभे असे. चार वर्षांची नोकरी संपवून लग्नाला उभा राहणारा तरुण हा ‘नोकरी होती’ या भूतकाळासह उभा राहतो. शेतकरी मुलांची लग्ने रखडण्याचा प्रश्न गंभीर बनलेल्या जिल्ह्यांत ही गोष्ट लहान समजू नये. दीर्घ मुदतीच्या गृहकर्जाचेही तसेच. चार वर्षांच्या पगारावर वीस वर्षांचे कर्ज कोणती बँक देईल?

मृत्यूचा हिशेब लिहिताना हात जड होतो, पण घरातली मोठी माणसे तो मनात करतातच. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एक अग्निवीर सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मरण पावला. या घराला काय मिळणार यावरून राजकीय वाद उसळला तेव्हा सैन्यदलाने तपशील जाहीर केला. विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, उरलेल्या सेवाकाळाचे वेतन, सेवा निधी आणि युद्ध हताहत निधीतून ८ लाख, असे मिळून ही रक्कम एक कोटीच्या वर जाते. ती तुटपुंजी आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. एक कोटीवर सात टक्क्यांनी महिना ५८ हजार व्याज होते. गावातील कोणत्याही घरासाठी ही मोठी रक्कम आहे. मात्र नियमित शिपायाच्या घरालाही विमा आणि सानुग्रह रक्कम मिळतेच, आणि त्यावर शत्रूशी लढताना मृत्यू आला असेल तर अखेरच्या वेतनाइतके उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. फरक या शेवटच्या ओळीत आहे. एकरकमी पैशाला नातेवाईक, सावकार, जमीन दलाल आणि चिट फंडवाले असे अनेक वाटेकरी निघतात. दरमहा खात्यावर येणाऱ्या निवृत्तिवेतनाला तेवढे निघत नाहीत.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात जम्मू-काश्मीरमध्ये वीरमरण आलेल्या एका अग्निवीराच्या आईने त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. हे कुटुंब अनेक वर्षे मुंबईत राहिलेले. एकाच गोळीबारात, एकाच खंदकात उभे असलेल्या दोन जवानांपैकी एकाच्या घराला आजीवन निवृत्तिवेतन आणि दुसऱ्याच्या घराला नाही, हा भेद समानतेच्या तत्त्वात बसतो का, असा या याचिकेमागचा प्रश्न आहे. योजनेची घटनात्मक वैधता दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केली होती आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावरील अपिले फेटाळली. परंतु भरतीची पद्धत ठरवण्याचा सरकारचा अधिकार आणि मृत्यूनंतरची समानता हे दोन स्वतंत्र मुद्दे आहेत. पहिला मान्य करूनही दुसऱ्यावर आग्रह धरता येतो, आणि तो धरला पाहिजे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मृत्यूपेक्षाही कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे अपंगत्व. सेवेमुळे आलेल्या शंभर, पंचाहत्तर आणि पन्नास टक्के अपंगत्वासाठी अग्निवीराला अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपये एकदाच मिळतात. नियमित सैनिकाला अशा स्थितीत आयुष्यभर अपंगत्व निवृत्तिवेतन असते. विसाव्या वर्षी पाय गमावलेल्या तरुणापुढे आणखी पन्नास वर्षे असतात. पंधरा लाखांना पन्नास वर्षांनी भागून पाहावे. महिना अडीच हजार येतात. ज्या घराला आधार देण्यासाठी तो गेला, त्याच घरावर तो आधारासाठी परततो. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्यांच्या फलकांवर पगाराचे आकडे ठळक असतात. ही ओळ तिथे कधी दिसणार नाही, आणि घरातील चर्चेतही ती टाळली जाते, कारण अशुभ बोलू नये असा आपला संकेत आहे.

सरकारची बाजू पोकळ आहे असे नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यातील १ लाख ६० हजार कोटींहून अधिक रक्कम निवृत्तिवेतनाची होती. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही सैन्यातील सेवाकाळ सात ते दहा वर्षांवर आणावा, असे सुचवले होते. मात्र तेथून बाहेर पडणाऱ्यांना निमलष्करी दलांत सामावून घेण्याची कल्पना तिला जोडलेली होती. सेवाकाळ कमी करायचा, पण नोकरीची साखळी तोडायची नाही, असा तो विचार होता. माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे हे पुण्याचे. त्यांच्या आठवणींचा जो भाग डिसेंबर २०२३ मध्ये वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केला, त्यानुसार लष्कराचा मूळ विचार पंचाहत्तर टक्के जवानांना कायम ठेवण्याचा होता आणि आरंभी सुचवलेले वेतन अवघे २० हजार रुपये होते. योजना प्रत्यक्षात आली तेव्हा प्रमाण उलटे झाले होते. पंचवीस टक्केच कायम राहणार. या एका उलथापालथीने घराचा सगळा हिशेब बदलतो. चारातील तिघे राहणार असतील तर तो नोकरीचा निर्णय असतो; चारातील एकच राहणार असेल तर ती पैज होते.

बाहेर पडणाऱ्या तिघांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये १० टक्के राखीव जागा आणि वयाची सवलत २०२२ मध्येच जाहीर झाली. अनेक राज्यांनीही पोलीस भरतीत प्राधान्याची आश्वासने दिली. आश्वासने खोटी आहेत असे समजण्याचे कारण नाही. परंतु माजी सैनिकांसाठी कागदोपत्री राखीव असलेल्या जागा वर्षानुवर्षे पूर्ण भरल्या जात नाहीत, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. शिवाय राखीव जागा म्हणजे नियुक्तिपत्र नव्हे. तेथेही परीक्षा, शारीरिक चाचणी आणि प्रतीक्षा आहेच.

आणि स्पर्धा कसली आहे ते २०२४ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीने दाखवले. सतरा हजारांहून अधिक पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. एका जागेमागे शंभर. हाच आकडा अग्निवीर होऊ पाहणाऱ्याच्या निर्णयात दोन्ही बाजूंनी येतो. पोलीस भरतीची वाट पाहत तीन-चार वर्षे घालवणे हाही जुगारच आहे, आणि त्या वर्षांत घरी एक पैसा येत नाही, उलट अभ्यासिकेचे आणि खोलीचे पैसे जातात. अग्निवीराच्या चार वर्षांत निदान घरी पैसे येतात.

म्हणूनच या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, परंतु घराघरांत फरक करता येतो. दोन भाऊ आहेत, एकजण शेती-दुधाचे पाहतो, आई-वडील हिंडते-फिरते आहेत, मुलगा अठरा-एकोणीसचा आहे, तर जाण्यात तोटा कमी आणि लाभ बराच आहे. बावीस-तेविसाव्या वर्षी हातात दहा-बारा लाख, अंगात शिस्त आणि पुढच्या भरतीसाठी वय शिल्लक, ही वाईट सुरुवात नव्हे. दहावीनंतर गेला असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे बारावी-समकक्ष प्रमाणपत्र आणि इग्नूची पदवी यांचीही सोय केलेली आहे. ती कागदावर न ठेवता वापरली तर उपयोगी आहे. याउलट एकुलता एक मुलगा, घरात दीर्घ आजारी माणूस, डोक्यावर कर्ज आणि वय एकविसाच्या काठावर, असे असेल तर ही नोकरी त्या घराला पेलणारी नाही, असे स्पष्ट म्हणावे लागते. पंचविसाव्या वर्षी तो परत येईल तेव्हा सेवा निधी कर्जात जाईल, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीच्या वयाची मुदत सवलतीच्या आधारावर लोंबकळत असेल आणि औषधांचा खर्च चालूच असेल. दुर्दैव असे की ज्याला पैशाची निकड सर्वाधिक, तोच सर्वांत आधी अर्ज भरतो.

अशा घरांसाठी सरकारला काही करता येणार नाही असे नाही. कायम ठेवण्याचे प्रमाण वाढवावे, अशी मागणी योजना आल्यापासून होत आहे. ती खर्चिक आहे हे मान्य. परंतु कर्तव्यावरील मृत्यू आणि अपंगत्व यांपुरते निवृत्तिवेतन नियमित सैनिकाप्रमाणे लागू करणे हे तेवढे खर्चिक नाही. अशा घटनांची संख्या, सुदैवाने, मर्यादित असते. सेवा निधीचा काही भाग अग्निवीराच्या इच्छेनुसार मासिक वार्षिकीच्या रूपात, सरकारी हमीने आणि महागाईशी जोडून देण्याची सोय झाली, तर एकरकमी पैशाचे धोकेही कमी होतील. त्यासाठी योजना मागे घ्यावी लागत नाही.

अर्ज भरताना मुलगा अठराच्या आतला असेल तर नावनोंदणीच्या कागदावर आई किंवा वडिलांची सही लागते. बहुतेक घरांत हे कागद इंग्रजी किंवा हिंदी असतात आणि सही कुठे करायची ते मुलगाच बोट ठेवून दाखवतो. अकादमीतल्या मित्राकडून कळलेला पगार तेवढा सगळ्यांना माहीत असतो. २०२७ नंतर मात्र प्रत्येक तालुक्यात चार वर्षे पूर्ण करून परतलेली मुले असतील. कोणाला कायम घेतले, कोणाचे पैसे कुठे गेले, कोण औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर सुरक्षारक्षकाच्या गणवेशात उभा आहे, हे गावाला फलक न वाचताही दिसेल, आणि पुढच्या वर्षीचे अर्ज त्यावरून भरले जातील किंवा भरले जाणार नाहीत.